चिखलातला समेट

पार्लरवालीने चिखलातल्या शर्यतीला होकार दिला तो फक्त एका भिंतीसाठी. तिच्या मैत्रिणीने, शाळेतल्या बाईने, मोबाइलवर फोटो दाखवले होते. दोरांच्या जाळीखालून सरपटणारी माणसं, गळ्यापर्यंत गढूळ पाण्यात बुडालेली माणसं, आणि शेवटी एक उंच, तिरकी, पाणी मारून निसरडी केलेली लाकडी भिंत. वर पोचलेल्याने हात दिल्याशिवाय ही भिंत चढताच येत नाही, असं बाई कौतुकाने सांगत होती. पार्लरवाली त्या फोटोकडे बघत राहिली. वर मी असेन, तिने तिथल्या तिथे ठरवलं, आणि खाली ती भवानी.

भवानी म्हणजे बारकी. तिघींत वयाने लहान म्हणून बारकी, नाहीतर अंगाने आणि जिभेने चांगली ऐसपैस. ती पार्लरवालीच्याच हाताखाली तयार झाली. केस धुण्यापासून भुवया कोरण्यापर्यंत सगळं इथेच शिकली, आणि शिकता शिकता घरच्यासारखी झाली. मग एका दुपारी पार्लरवाली सासूला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, तेव्हा बारकीने एका नवरीच्या चेहऱ्याला ब्लीच लावलं आणि मित्राचा फोन आला म्हणून मागच्या दाराशी जाऊन बोलत बसली. नवरीचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला. लग्न दुसऱ्या दिवशी. नवरीची आई तणतणत आली तेव्हा बारकीने सरळ सांगून टाकलं, की मिश्रण ताईंनी कालवून ठेवलं होतं, मी फक्त लावलं.

झालं. दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पार्लरवाली सांगत राहिली, पण ओरडून सांगणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवतो? गिऱ्हाइकं तुटली. बारकीने पलीकडच्या गल्लीत स्वतःचं पार्लर थाटलं आणि तीच गिऱ्हाइकं तिथे जाऊन बसली. इथे तीन खुर्च्यांपैकी एकीवर आता टॉवेल वाळत घातलेले असत.

बाई दोघींचीही मैत्रीण. शाळेत शिकवायची, आणि आसपासच्या निम्म्या घरांतली मुलं तिच्या हाताखालून गेलेली. बाई म्हणाली की ते खरं, असा तिचा दरारा. म्हणूनच पार्लरवालीचा सगळा हिशेब बाईवर होता. बारकीने बाईच्या कानावर खरं घातलं की पुढचं काम बाईचं तोंड करील. दोन वर्षं अंगावर चिकटलेला डाग आठवड्यात निघेल.

बाईला या हिशेबातलं काही माहीत नव्हतं. तिला फक्त समेट घडवायचा होता. तिने प्रत्येकीला वेगवेगळं गाठून "ती तयार आहे, तूच मागे हटू नकोस" असं सांगितलं आणि तिघींचा एक संघ नोंदवून टाकला. संघाचं नाव 'जिवलग'. पिवळ्या टीशर्टांवर छापूनसुद्धा आणलं होतं. पार्लरवालीने तो टीशर्ट उलटा घालता येतो का ते आधी बघितलं.

सुरुवातीच्या रेषेवरच बारकीने तोंड उघडलं. "ताई, जमेल ना तुला? नाहीतर मध्येच बसशील."

"तू तुझं बघ. मध्येच फोनबिन आला तर पंचाईत."

"झालं का सुरू?" बाई म्हणाली. "आज एक शब्द नाही. हात धरा एकमेकींचे."

दोघींनी बाईचा एकेक हात धरला.

जाळीखालून सरपटताना बारकी पुढे होती आणि तिची टाच दर वेळी नेमकी पार्लरवालीच्या तोंडासमोर आपटत होती. चिखल डोळ्यांत, नाकात, दातांत. चुकून होतंय असं मानायला पार्लरवाली काही कालची पोर नव्हती. पाण्याच्या खड्ड्यात तिने फेड केली. बारकीने आधारासाठी खांदा धरला, आणि हिने खांदा काढून घेतला. बारकी बुडाली, खोकत वर आली, आणि तिने जी शिवी घातली ती बाईने न ऐकल्यासारखं केलं.

"मजा येतेय ना?" बाई म्हणाली. तिला खरंच येत होती.

भिंतीपाशी रांग होती. चिखलाने सगळ्यांची तोंडं सारखीच झाली होती, कोण कुठला काही कळत नव्हतं. पार्लरवालीने कुणाला विचारलं नाही. "मी आधी जाते," म्हणाली आणि बाईच्या ओंजळीत पाय देऊन, बारकीच्या खांद्यावर दुसरा पाय जरा जास्तच दाबून, वर गेली. माथ्यावरच्या फळीवर पालथी पडली आणि खाली हात सोडला.

बाईने ढकललं, बारकीने उडी मारली आणि हात पकडला. आता ती भिंतीला लोंबकळत होती. पार्लरवाली दोन वर्षं याच क्षणाची वाट बघत होती.

"आता सांग," ती म्हणाली. "त्या पोरीचं तोंड कुणी भाजलं?"

"ताई, ओढ आधी."

"आधी सांग. बाईला ऐकू जाईल असं."

पण एक गोष्ट तिच्या लक्षातच आली नव्हती. चिखल कातडीत मुरू नये म्हणून सकाळी तिने बोटांच्या पेरांपर्यंत तेल चोळलं होतं, धंद्याची सवय. आणि बारकीनेही चोळलं होतं, कारण तिला ती सवय हिनेच लावली होती. मनगट मुठीतून सुळकन सरकायला लागलं. हात सुटला तर बारकी खाली चिखलात पडणार, हसत उठणार, आणि हा क्षण पुन्हा येणार नाही. पार्लरवालीने दुसरा हात खाली घालून तिचं कोपर आवळून धरलं. खांदा निखळतोय की काय असं झालं. म्हणजे लटकवायचं होतं बारकीला, आणि जीव चालला होता हिचा.

"मावश्यांनो, भांडण घरी न्या," रांगेतला एकजण म्हणाला.

"मीच भाजलं," बारकी म्हणाली. अगदी सहज, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. "मी ब्लीच ठेवून फोनवर बोलत बसले आणि तुझ्यावर ढकललं. बास? ओढ आता."

पार्लरवालीने तिला ओढून वर घेतलं. दोघी फळीवर धापा टाकत पडल्या. छातीत काहीतरी मोकळं होतंय असं तिला वाटलं, आणि तिने खाली वाकून बघितलं.

"ऐकलंस ना, बाई?"

बाई खाली उभी होती, हात वर केलेला, चिखलाने माखलेल्या चेहऱ्यावर हसू. "अगं, मला ठाऊकच आहे ते. तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. किती रडली होती बिचारी. म्हणून तर तुम्हाला एकत्र आणायचं होतं मला."

"तेव्हाच म्हणजे कधी?"

"त्याच आठवड्यात. जाऊ दे ना आता, झालं गेलं."

"मग कुणाला बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? पोरीचं सगळं आयुष्य पुढे होतं. तुझं बस्तान बसलेलं, तू निभावशील हे मला माहीत होतं." बाईने हात आणखी वर केला. "चल, धर."

दोन वर्षं बाई रिकाम्या पार्लरमध्ये येऊन बसत होती. चहा पीत होती. लोकांचं मनावर घेऊ नकोस म्हणत होती, पाठीवरून हात फिरवत होती, आणि ज्या घरांतून गिऱ्हाइकं तुटली त्याच घरांत उठत-बसत होती. पार्लरवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा बारकीचा राग आला नाही, कारण राग सगळा दुसरीकडे निघून गेला होता.

बारकीने पालथं पडून हात खाली सोडला. बाईने तो पकडला, आणि लगेच दोघींच्याही लक्षात आलं की एका हाताचं हे काम नाही.

"ताई, सुटतोय," बारकी म्हणाली. "तू पण धर की."

"तुझी मैत्रीण आहे," पार्लरवाली म्हणाली. "तू ओढ."

आणि ती भिंतीच्या पलीकडच्या बाजूने खाली उतरायला लागली. अलीकडून बाईचा वर्गातला आवाज येत होता, आधी वर बोलावणारा, मग समजावणारा, मग नुसता तिचं नाव घेणारा.