देवासमोरचा डबा

नेरूळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांत एका दिवसात उरकत नाही. ती रथसप्तमीपर्यंत लांबते आणि त्याला कारण बोरन्हाण. आमच्या आगरी घरात ही पद्धत कधीच नव्हती. माझ्या लहानपणी डोक्यावर काही पडलंच तर आईची चापट पडायची. पण तिसऱ्या मजल्यावर साताऱ्याच्या सुनयनावहिनी राहायला आल्या. त्यांनी आपल्या छोट्या यशराजला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवलं, त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि उसाचे करवे ओतले आणि जमलेल्या पोरांनी ते लुटलं. पुढच्याच वर्षी बिल्डिंगमध्ये पाच बोरन्हाणं झाली. आता तर बोरं नावालाच असतात. वरून चॉकलेटं, जेली आणि टॉफ्याच पडतात.

यंदा आमच्या प्रियाने पाचही घरं केली. ती सात वर्षांची आहे आणि लुटीच्या बाबतीत तिचा अभ्यास दांडगा आहे. बाकीची पोरं पाटाच्या पुढे गर्दी करतात, ही मागे फ्रॉकचा घेर पसरून बसते. बोरं पुढे पडतात आणि चॉकलेटं घरंगळत मागे येतात, असं तिचं म्हणणं. रथसप्तमीच्या संध्याकाळी तिने सगळा माल हॉलमध्ये ओतला. सुचिता, म्हणजे माझी बायको, त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि मोजायला लागली. एकशे शहाऐंशी नग निघाले.

सुचिता दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. दिवसभर लोकांचे किडके दात बघून तिला गोडाचा संशय येतो. त्यात दिवाळीनंतर प्रियाच्याच दोन दाढा भरून झालेल्या. तिने नियम केला. रोज रात्री जेवणानंतर एक, मग ब्रश, मग झोप. डबा कुठे ठेवायचा एवढाच प्रश्न होता. सुचिता सकाळी दहाला जाते ती सातला येते, मी जासईच्या कंटेनर यार्डात शिफ्टला, आणि प्रिया दुपारी एकला शाळेतून घरी. घरात फक्त आई.

"देवाम्होरं ठेव," आई म्हणाली. "देवाच्या वस्तूला कोन हात लावतंय?"

सुचिताला ते पटलं. मलाही पटलं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. स्टीलचा डबा देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी बसला. प्रिया जरा वेळ बघत राहिली.

"आजी, म्हणजे आता हा देवाचा झाला?"

"देवाचाच की."

"मग प्रसाद झाला?"

"झाला," आई म्हणाली. तिला वाटलं, पोर देवाधर्माचं विचारतेय. ती खूश झाली आणि वर आणखी एक वाक्य बोलून बसली. "आन परसादाला कदी नाय बोलू नये, बाय."

आमच्या घरात हे वाक्य कायद्यासारखं आहे. मी तापात असताना आईने माझ्या तोंडात सत्यनारायणाचा शिरा कोंबलेला आहे.

आता आईचं सांगतो. गोजरा तिचं नाव, वय सहासष्ट, आणि दहा वर्षांपासून शुगर. डिसेंबरात माझ्या मामेभावाच्या हळदीला ती जासईला नवी चप्पल घालून गेली आणि बँजोवर मध्यरात्रीपर्यंत नाचली. चप्पल उजव्या अंगठ्याला चावली. घरी आल्यावर म्हणाली, "जरा कातडी सोललीय." महिन्याभरात अंगठा काळानिळा झाला. डॉक्टरांनी पट्टी केली, गोळ्या वाढवल्या आणि आम्हाला दोघांना बाहेर बोलावून सांगितलं की तीन आठवड्यांत साखर खाली आली नाही, तर अंगठा काढावा लागेल. गोड पूर्ण बंद. गोळी एकही चुकता कामा नये.

आम्ही आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. सुचिता रोज सकाळी कात्रीने पाकिटातून दुपारची गोळी कापून तिच्या वाटीत ठेवायची आणि संध्याकाळी वाटी रिकामी बघून समाधान पावायची. म्हणजे घरात गोडाचे दोन पथ्यकरी होते, एक सात वर्षांची आणि एक सहासष्टची, आणि दोघी दुपारी एकपासून सातपर्यंत एकमेकींच्या ताब्यात.

मला ते पहिल्याच गुरुवारी कळलं. गुरुवारी माझी सुट्टी. दुपारी दोनला हॉलमध्ये पडलो होतो, तेवढ्यात घंटी वाजली. दाराची नव्हे, देवाची. प्रियाने डबा उघडला, एक चॉकलेट काढून खंडोबासमोर धरलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि त्याचे तुकडे केले. एक स्वतःला. एक आजीला, कारण प्रसाद एकट्याने खायचा नसतो, हेही आजीनेच शिकवलेलं. आईने उजवा हात पुढे केला, खाली डावा धरला, तुकडा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. तिचा चेहरा असा उजळला की मी काही बोललोच नाही.

"पप्पा, प्रसाद," प्रिया माझ्याकडे आली. मी उठून बसलो आणि खाल्ला.

हे इथे लिहून ठेवणं भाग आहे. मला अंगठ्याचं माहीत होतं. मला वाटलं, एका तुकड्याने काय होतंय. खरं म्हणजे मला आईशी आणि बायकोशी एकाच दिवशी भांडायचं नव्हतं. दुसऱ्या गुरुवारी घंटी दोनदा वाजली. मी कूस बदलली.

तीन आठवडे झाले. शनिवारी रिपोर्ट आला. साखर आधी होती त्याहून वर. डॉक्टरांनी आणखी दहा दिवस दिले, आणि हे शेवटचे म्हणाले. सुचिता घरी आली ती चप्पल काढून थेट देव्हाऱ्याकडे गेली. डबा जमिनीवर उपडा करून मोजला. एकशे पासष्ट असायला हवे होते. ब्याण्णव होते.

"प्रिया!"

प्रिया घाबरली नाही. तिला वाटत होतं तिने काहीच चुकीचं केलेलं नाही. "मी खाल्लं नाही मम्मी. प्रसाद होता. आजीला पण दिला. पप्पांना पण."

सुचिताने माझ्याकडे बघितलं. मी अनेक वर्षं नवरा आहे, पण असं बघणं पहिल्यांदाच अनुभवलं. मग तिने डबा भरला आणि कचऱ्याची पिशवी हातात घेतली.

"देवाचा हाय तो," आई खाटेवरून म्हणाली. "टाकायचा नाय."

सुचिता पिशवी धरून उभी राहिली. तिलाही ते टाकवेना. तीही याच कायद्यात वाढलेली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "तुमचा अंगठा काढतील. कळतंय का तुम्हाला? कापून काढतील. मी रोज गोळी काढून ठेवते, तुम्ही घेता, आणि वर हे खाता. काय उपयोग?"

"कुणाचा अंगठा?" प्रियाने विचारलं.

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लहान आहे म्हणून सांगितलं नव्हतं. तिने आजीच्या पट्टीकडे बघितलं, आणि मग डब्याकडे. त्या रात्री तिने आपलं नियमाचं चॉकलेट घेतलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सगळे घरी. संध्याकाळी आईने लंगडत येऊन दिवा लावला आणि खाटेवर जाऊन बसली. थोड्या वेळाने घंटी वाजली. सुचिता किचनमधून धावतच आली. "प्रिया, पुन्हा?"

पण डब्याचं झाकण बंदच होतं. प्रियाने देवांच्या खालचं लाल कापड एका कोपऱ्याने उचललं होतं. तिथे गोळ्या होत्या. पाकिटातून कात्रीने कापलेले चौकोनी तुकडे, एकही न फोडलेला. पंधरा-सोळा तरी असतील.

सुचिता देव्हाऱ्यापाशी खाली बसली. आई भिंतीकडे बघायला लागली.

"कचऱ्यात टाकल्या तं ही बघते," आई भिंतीलाच म्हणाली. "कडू जहर लागतान. मंग देवालाच दिल्या. बोलले, बग तूच काय ता."

"मला माहीत होत्या," प्रिया म्हणाली. "डबा काढताना दिसायच्या. मला वाटलं आजीने देवाला वाहिल्यात."

तिने त्यातली एक गोळी घेतली. सुचिता उठायला लागली, मी तिचा हात धरला. तिने एकच उचलली होती, आणि आजची गोळी आईच्या पोटात गेलीच नव्हती. प्रियाने ती खंडोबासमोर धरली, डोळे मिटले, पाकीट फोडलं आणि गोळी प्रसादाच्या वाटीत ठेवून वर तुळशीचं पान टाकलं. मग तांब्यातलं पाणी घेऊन खाटेजवळ गेली.

"आजी, प्रसाद."

आईने वाटीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मदतीसाठी. मी मान खाली घातली नाही, एवढंच मी त्या दिवशी केलं.

प्रियाने वाटी तशीच पुढे धरून ठेवली. शेवटी आईचा उजवा हात पुढे आला. खाली डावा. तिने गोळी कपाळाला लावली, तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि तोंड इतकं वाकडं केलं की एरवी आम्ही हसलो असतो.

"आता वर काय गोड दे, बाय," ती म्हणाली. "इवलासा."

प्रियाने वाटी पालथी करून दाखवली.

"आजचा प्रसाद संपला, आजी," ती म्हणाली, आणि आजीच्या पट्टी बांधलेल्या पायाशी, अंगठ्याला धक्का लागणार नाही अशी, जपून बसली.