शेरा : दिवा लागतो, गाडी ठीक

गोदूबाईला फुरशाने मारले नाही, साहेब. तुम्ही मारले. फुरसे नुसते चावले.

हे मी चौकशीतही सांगितले होते. तुमच्या कारकुनाने लिहून घेतले ते असे : ‘चालक विश्राम याने बॅटरीची निगा राखली नाही.’ खाली माझी सही आहे. नोकरी टिकवायची होती म्हणून केली. आता तेच सगळे पुन्हा लिहितो, ह्या खेपेला माझ्या हाताने. शाळा माझी चौथीपर्यंत. चुका सापडतील त्या लाल शाईने दुरुस्त करा, त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही.

आमच्या खारवाडीच्या दवाखान्याला अठ्ठावन्न साली गाडी मिळाली. लढाईतली, लिलावात निघालेली, मागे रोग्याला निजवायला पत्र्याची पेटी बसवलेली. मोठे इस्पितळ चोवीस मैलांवर. विंचूकाटा असेल तर आमचा भाई कंपाउंडर बघतो, पण फुरशाची लस तिथेच. गाडी आली तेव्हा गावाला वाटले, आता चोवीस मैल म्हणजे दोन तास. दोन पावसाळ्यांत कळले की ही गाडी आठच महिन्यांची आहे. कारण दहा जूनला तुम्ही तिला सील लावता. पेट्रोल वाया जाते आणि पावसात रस्ता बंद असतो म्हणे. रस्ता बंद असतो, साहेब, ओहोळाला पाणी येते त्या चार-सहा दिवसांत. सील चार महिने.

मी कुडाळला महादू मिस्त्रीच्या हाताखाली सहा वर्षे काढली. किल्ली फिरवली की समोर लाल दिवा लागतो. इंजिन चालू झाले की तो विझला पाहिजे. विझला म्हणजे डायनामो बॅटरी भरतो आहे. लागलेलाच राहिला तर गाडी बॅटरीतली साठवण खात आहे. महादू म्हणायचा, “तो दिवो म्हणजे पोराचो रडो. रडता म्हणान पोर बरा आसा असा म्हणशीत तर मरात.”

बॅटरी घोरत पडली की मरते. पंधरवड्याने वीस मिनिटे इंजिन फिरवावे लागते. ते जमत नसेल तर निदान तार सोडून ठेवावी आणि पाण्याकडे लक्ष ठेवावे. पाणी विहिरीचे नको, आमच्या विहिरींना खाडीचा खार आहे. शुद्ध पाण्याच्या बाटल्यांची मागणी मी तीनदा केली, तीनदा नामंजूर. मग मी बायकोची लोणच्याची बरणी घेतली, राखेने घासली आणि आठ-दहा दिवस पाऊस पडून आभाळ धुतल्यावर उघड्या खळ्यात ठेवली. कौलावरची पागोळी चालत नाही, तांब्याचा हंडा चालत नाही. बायको अजून म्हणते, “त्या बॅटरीन माझा लोणचा खाल्ल्यान.”

गेल्या साली जूनमध्ये मी बॅटरीची तार सोडून ठेवली आणि मग तुमच्या माणसाला सील लावू दिले. बॅटरी घरी नेतो म्हटले तर सरकारी मालमत्ता. पंधरवड्याने सील उघडून द्या म्हटले तर पंचनामा लागतो. निदान तार सुटलेली होती.

गाडीच्या शेडीसमोरच्या पुळणीवर विठोबाची होडी ओढून ठेवलेली असते, वर नारळाची झापे शाकारलेली. विठोबाची बायको गोदूबाई. आठ महिने डोक्यावर मासळीची पाटी, चार महिने लोकांच्या बांधावर गवत. मला येता-जाता टोचायची.

“काय रे इश्राम, आमच्या होडयेक तरी माशाचा तेल चोपडतंव. तुझ्या गाडयेक काय चोपडलंस, लाख?”

“लाख सायबान चोपडल्यान, मावशे.”

“मगे सायबाकच सांग ढकलूक!”

जुलैच्या पाच तारखेला तुम्ही तपासणीला आलात. सील फोडलेत. म्हणालात, “चालू दाखव.” मी तार जोडली, तुमच्या हुकमाने. इंजिन फिरवतो म्हटले तर म्हणालात, “पेट्रोल कशाला? किल्ली दे.” स्वतः बसलात, किल्ली फिरवलीत, लाल दिवा लागला. वहीत शेरा मारलात : ‘दिवा लागतो, गाडी ठीक.’ मला तेव्हाच बोलायला हवे होते की तो दिवा ठीक असल्याचा नाही. पण आभाळ भरून आले होते, ओहोळाला पाणी यायच्या आत तुम्हाला परतायचे होते. गाडीतले किल्लीचे कुलूप जुने, झिजलेले, किल्ली मागे न फिरवताही निघून येते. तुम्ही ती तशीच ओढलीत. बॉनेटवर सील, शेडीच्या दारावर सील, किल्ली पाकिटात.

“साहेब, तार सोडायची राहिली,” मी म्हटले.

“लाख वाळली,” तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून पाहिले तर आत काळोखात लाल दिवा लागलेला.

नऊ मैल चालत कचेरीत आलो. तुमचा कारकून कुडाळकडचाच, घरी आमच्यासारखाच बोलणारा. कचेरीत त्याची जीभ इस्त्री केलेली.

“किल्ली खंय आसा?” मी विचारले.

“पाकिटात. पाकीट कपाटात. कपाटाची किल्ली साहेबांकडे.”

“आणि साहेब?”

“आंबोलीला, दौऱ्यावर.”

“अहो, दिवो लागलेलो रवलो. बॅटरी मरात.”

“मग चांगलंच आहे की. शेऱ्यातही तेच आहे, दिवा लागतो. अर्ज टाका.”

अर्ज टाकला. रोज फटीतून बघायचो. तिसऱ्या दिवशी दिवा पिकल्या मिरचीसारखा होता, पाचव्या दिवशी विझत्या निखाऱ्यासारखा. सातव्या दिवशी फटीला डोळा लावून खूप वेळ उभा राहिलो. आत काहीच नव्हते.

इथे माझा गुन्हा येतो आणि तो मी लपवत नाही. त्या सात दिवसांत एक दगड घेऊन मला सील फोडता आले असते. तार सोडायला मिनिट लागत नाही. आदल्या साली सीलला हात लावला म्हणून मला पंधरा दिवस घरी बसवले होते. मी भ्यालो. दारापर्यंत जायचो, लाखेवरचा तुमचा शिक्का बघायचो आणि परत यायचो.

ऑगस्टच्या तेरा तारखेला बांधावर गवत काढताना गोदूबाईच्या बोटाला फुरसे चावले. तिने चिंधी बांधली आणि भारा पुरा केला. घरी कोणाला बोलली नाही. तुम्ही म्हणाल, चूक तिची. असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागले, विठोबाने तिला दवाखान्यात आणले, तेव्हा भाई कंपाउंडरने सांगितले, “दुपारच्या आत लस टोचली तर वाचेल. विश्राम, गाडी काढ.” आभाळ मोकळे होते. ओहोळाला घोट्याएवढे पाणी होते.

मी सील फोडले. त्या दिवशी फोडले! दगड हातात आला, भीती कुठे गेली कोण जाणे. कुलपात पेचकस घालून फिरवला. लाल दिवा लागला नाही. त्या दिव्याला मी आयुष्यात कधी एवढे विनवले नव्हते. बरणीतले पाणी ओतले. महिनाभर रिकामी पडलेली बॅटरी पाणी पिते, जिवंत होत नाही. पुढे हँडल लावून फिरवले, हात सोलून निघाले. इंजिन फिरायचे, ठिणगी पडायची नाही. ठिणगीलाही बॅटरीत चिमूटभर जीव लागतो, साहेब, हे तुमच्या वहीत नाही.

विठोबाने पुळणीवरून माणसे आणली. होडी ओढणारे बाराजण गाडीला लागले.

“हैसा रे, हैसा! जोर लावा!”

दवाखान्यापासून वडापर्यंत ढकलली, वडापासून परत. गोदूबाई आत पेटीत निजलेली, तोंडाला फडके.

“इश्राम, चालू जायत काय रे?”

“जायत गो, मावशे.”

“खोटा बोला नको. तुझी पाठ सांगता.”

विठोबा गाडीच्या मागे होता. त्याने ढकलणे थांबवले. तिसऱ्या फेरीला बाकीचेही थांबले.

एसटी आषाढापासून बंद होती. लॉरी यायचे नाव नाही. विठोबाने होडीचे वल्हे काढले, त्याला गोधडी बांधली, डोली केली. अकरा वाजता निघालो. आठजण आळीपाळीने. तुमची कचेरी नवव्या मैलावर लागते. कारकून दारात उभा होता, डोली बघून आत गेला. चौदाव्या मैलाच्या दगडाशी विठोबा म्हणाला, “ठेवा खाली.” आम्हाला वाटले खांदा बदलायचा आहे.

कार्तिकात नवी बॅटरी आली. तपासणीच्या वहीतला जुलैचा शेरा तसाच आहे, खाली तुमची झोकदार सही. विठोबा माझ्याशी बोलत नाही. भर पुळणीवर चार शिव्या घातल्या असत्या तर मी उभ्याने ऐकल्या असत्या. तो नुसती वाट बदलतो.

काल तुमचे पत्र आले. ‘गाडी दहा जून रोजी सील करण्यात येईल. चालकाने किल्ली जमा करावी. इंजिन सुरू करू नये.’ गेल्या सालचेच पत्र, साल तेवढे बदललेले. बॅटरीबद्दल एक ओळ नाही. गोदूबाईबद्दल कशी असेल?

मी किल्ली जमा करीन. पोटासाठी करीन, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण त्याआधी मला एका गोष्टीचे लेखी उत्तर पाहिजे. यंदा गाडीत काही चुकलेले दिसले, तर मी सील फोडायचे की नाही? अर्ज टाका म्हणू नका. दौऱ्यावर आहोत म्हणू नका. हो की नाही, एवढेच लिहा, आणि खाली तुमची सही करा.