दुखायचं थांबलं तेव्हा

घरच्या लाँड्रीतल्या ओल्या चादरींचं पहिलं गाठोडं सकाळी सातला तयार व्हायचं. ते डोक्यावर घेऊन, तीन जिने चढून गच्चीवर न्यायचं काम घरात शेवटी आलेल्या सुनेचं. हा नियम कोणी लिहिला नव्हता, त्यामुळे तो कोणी खोडतही नव्हतं. सासूबाईंनी बावीस वर्षं तो पाळला आणि सून आली त्याच आठवड्यात आपली ओझ्याखालची चुंबळ तिच्या हातात ठेवली. पुरुष खाली इस्त्री करत. इस्त्री म्हणे कसबाचं काम. ओझ्याला काय, डोकं असलं की झालं!

पाच वर्षांनी एका सकाळी सून दुसऱ्या जिन्यावर भिंतीला टेकून उभी राहिली.

"आई, मान वळत नाहीये. खाली वाकले की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं."

"अगं, मान आहे म्हटल्यावर दुखणारच. मी काय कमी वाहिलं? आणि पुरुषांच्या कानावर घालू नकोस, उगाच बोभाटा."

सासूबाई दुष्ट नव्हत्या. दुपारी त्यांनी स्वतः तेल कोमट करून सुनेची मान चोळली. तरी उतार पडेना, तेव्हा लचक उतरवण्यात वाकबगार असलेल्या शेजारच्या आत्याला बोलावलं. आत्याने हनुवटी धरली, "श्वास सोड" म्हणाली आणि हिसका दिला. कट् असा आवाज झाला.

"सुटली बघ!" आत्या खूश. सासूबाईही खूश. सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं ते आराम पडल्याचं, असं दोघींनी परस्पर ठरवून टाकलं.

आणि खरंच, महिन्याभरात मान दुखायची थांबली. सुनेने तक्रार करणं सोडलं आणि घराने सुटकेचा निःश्वास टाकला. आता फक्त तिच्या हातून कप निसटायचे. जिना उतरताना ती भिंत चाचपायची. "लक्ष कुठे असतं हिचं?" सासरे ओरडायचे, आणि तिचा नवरा इस्त्रीवरून नजर उचलायचा नाही.

एका दुपारी सासूबाईंना दिसलं, सून इस्त्री केलेल्या शर्टाचं वरचं बटण लावतेय. लावतेय, लावतेय, आणि शेवटी तिने कॉलर दातांत धरली.

"बोटांना कळतच नाही आई, बटण धरलंय की नाही ते."

"कधीपासून?"

"मान दुखायची थांबली तेव्हापासून."

 दुसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता सासूबाई तिला मोठ्या दवाखान्यात, मणक्याच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या.

डॉक्टरबाईंनी सुनेला भराभर मुठीची उघडझाप करायला लावली, सरळ रेषेत चालवलं आणि एमआरआय काढून आणायला सांगितला. चार दिवसांनी तो पाहून त्या म्हणाल्या, "मानेतला मज्जारज्जू दाबला गेलाय. ऑपरेशन लवकर करावं लागेल. तेही आहे तेवढं वाचवायला. गेलेली ताकद परत येईलच, असं नाही सांगता येत."

"पण दुखायचं तर थांबलं होतं!" सासूबाई म्हणाल्या.

"दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं नसतं. नुसती मान आखडली, तर ओझं बंद केल्यावर पंधरा-वीस दिवसांत मोकळी होते. पण बोटं बधिर झाली, वस्तू सुटायला लागल्या, चालताना तोल गेला, तर एक दिवसही थांबायचं नसतं. आणि मानेला हिसका तर कधीच नाही. तेव्हाच का नाही आणलंत हिला?"

 सासूबाई मघापासून मांडीवर स्वतःची मूठ उघडून मिटून पाहत होत्या. ती उघडत होती, पण सावकाश, दुसऱ्या कुणाची असावी तशी. त्यांच्या हातूनही कितीतरी वर्षं कप निसटत होते. त्याला त्या वय म्हणत आल्या होत्या.

घरी सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खाली ओल्या चादरी तशाच पडल्या होत्या.

"बरं," ते सासूबाईंना म्हणाले. "धाकट्याचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. नवी सून येईपर्यंत तू उचल. तुला सवय आहे."

सासूबाईंनी इस्त्रीच्या थप्पीतला एक शर्ट ओढला आणि त्यांच्यासमोरच बटण लावायला बसल्या. बटण काजाशी यायचं आणि घसरायचं.

"हे काय चालवलंयस?"

"बघा तर, अहो. बघा जरा."

सुनेला राहवलं नाही. ती शेजारी येऊन बसली आणि तिने काज धरलं. तेही तिच्या बोटांतून सुटलं. चार हात, एक बटण, आणि ते लागेना. सुनेच्या नवऱ्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि तो बायकोच्या हातांकडे पाहत राहिला.

"ही चुंबळ मी नव्या पोरीला देणार नाही," सासूबाई म्हणाल्या.  "हिला दिली तेव्हाच माझे हात गेले होते. मला कळत होतं काहीतरी. मी बोलले नाही."

 सासूबाईंनी नाही म्हटलं खरं, पण त्या एका नाहीने सुनेची बोटं परत येणार नव्हती, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या दोघी खाली मान घालून ते बटण लावत बसल्या.