कातळावरची वहिवाट

मी एक पायवाट. आज जरा बोलणार आहे. चालायचे कष्ट आजवर तुम्हीच घेतलेत, मी नुसती पडून राहिले. तेव्हा निदान बोलायचे तरी मी घ्यावेत.

दापोली तालुक्यात, बुरोंडीच्या समुद्राकडून मी निघते. आधी पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्या. त्या चढून वर आलं की सडा लागतो. मैलभर पसरलेला काळा, उघडा कातळ. झाड नाही, आडोसा नाही, नुसता वारा. सडा संपला की देवाची राई. तिथे ऐन आणि किंजळीच्या सावलीत भर दुपारीही अंगावर गार हवा येते. राईतून उतरायचं, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या पाण्यात पाय बुडवायचे, आणि खोऱ्यातली निवेवाडी आलीच. दीड तासाची वाट. भाद्रपदात सड्यावर जांभळी-पिवळी फुलं येतात तेव्हा दीडाचे तीन तास होतात, पण त्याबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नाही.

मला कोणी बांधलेलं नाही. पाखाडीचे चिरे तेवढे कोणा जुन्या माणसांनी बसवले. बाकी मी झाले ती पायांनीच. गुराख्यांच्या, माहेराला निघालेल्या मुलींच्या, पालखीच्या भोयांच्या, आणि मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायकांच्या.

१९९८ साली डोंगराला वळसा घालून डांबरी रस्ता आला आणि एसटी सुरू झाली. मी रागावले नाही. डोक्यावर ओझं असलेल्या बाईने समोर आलेली एसटी सोडून माझा मान राखावा, असं म्हणायला मी काही वेडी नाही. पण पाय लागले नाहीत की रान वाटेला सोडत नाही. दोन पावसाळ्यांत राईत झुडपं माजली आणि पाखाडीच्या सांध्यांतून गवत वर आलं.

आनंदीबाईने मात्र मला सोडलं नाही. ती बुरोंडीची, तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, बारीक चणीची. कंडक्टर तिची ओली पाटी गाडीत घेईना. म्हणून एक दिवसाआड ती बांगडे, बोंबील घेऊन माझ्यावरून निवेवाडीला जायची. नवरा गेल्यावर तिने लेकीला याच पाटीवर वाढवलं. चढ चढताना ती माशांना, मला आणि देवाला सारख्याच शिव्या द्यायची, आणि त्या ऐकल्या की मला बरं वाटायचं.

मग २००० साली निवेवाडीचे राजाभाऊ निवृत्त होऊन गावी आले. त्यांची नोकरी पोफळीच्या वीजघरात झाली, तीस वर्षं डोंगराच्या पोटात. त्यामुळे असेल, घरी सामान लागायच्या आधी हा माणूस सड्यावर येऊन उभा राहिला आणि डोळे भरून बघत बसला. तेव्हापासून रोज सकाळी त्यांची फेरी. असा भक्त मिळाल्यावर कुठली वाट खूश होणार नाही?

दोन वर्षांनी सडा विकला गेला. बाहेरच्या कोणी आंबा-काजूच्या बागेसाठी घेतला आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. आनंदीबाई पाटी घेऊन आली तर तारेपलीकडून राखणदार म्हणाला, "वाट बंद. रस्त्याने जा." तिने पाटी खाली ठेवली, तार उचलली, पाटी आत सरकवली आणि मागून स्वतः सरपटत गेली. पुढच्या खेपेला तिथे तारेचे आणखी दोन पदर आले. त्या दिवशी ती तशीच मागे फिरली आणि रस्त्याने तंगडतोड करत राजाभाऊंच्या दारात पोचली.

"भाऊ, ही वाट गेली तर मी मासळी कुटं नेऊ? रस्त्यानं चालत येस्तवर दुपार होते, मासं नासतंय."

राजाभाऊंनी तालुक्याला अर्ज केला. वाट पूर्वापार वहिवाटीची आहे, ती मोकळी करावी. नकाशात मी नव्हतेच. तहसीलदार साहेब स्वतः येऊन बघणार होते. वाट जुनी दिसली तर कुंपण उघडणार, नाहीतर कायमचं बंद.

आता राजाभाऊंचं प्रेम बघा. त्यांनी कोयती घेऊन राई साफ केली, पाखाडी झाडली. पण सड्यावर काय करणार? कातळावर वाट दिसत नाही. मग त्यांनी पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि कुंपणाच्या मालकाची परवानगी न विचारता, आत शिरून, वीस-वीस पावलांवर बाण रंगवले. अगदी दोरी लावून, सरळ रेषेत.

"अहो, मुलगी दाखवायची आहे काय?" राजाभाऊंच्या पत्नी मालिनीवहिनी म्हणाल्या. "एवढी कसली मेली सजावट! मी सांगत्ये, राहू दे होती तशी."

"साहेबांना स्वच्छ दिसायला नको?" असं म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी रंगाचा दुसरा हातही मारला.

मला तेव्हा बोलता आलं असतं तर ओरडले असते. राजाभाऊ माझ्यापासून पन्नास पावलं लांब रंगवत होते!

सकाळी साहेब आले. बरोबर बागेचा व्यवस्थापक. राजाभाऊ छाती पुढे काढून बाण दाखवू लागले. व्यवस्थापक खाली वाकला, बाणावरून बोट फिरवलं आणि पिवळं झालेलं बोट साहेबांपुढे धरलं.

"साहेब, रंग अजून ओला आहे. ही वाट कालच जन्माला आलीय."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "राजाभाऊ, लोक खरंच इथून जात असते तर बाण कशाला लागले असते?" आणि ते कागदावर लिहू लागले. राजाभाऊंचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. माझ्यावर जीव लावणाऱ्या माणसाच्याच हातून मी बुडत होते.

तेवढ्यात पाखाडीच्या टोकाशी पाटी दिसली. पाहणीसाठी त्या दिवशी कुंपण उघडलं होतं, आणि आनंदीबाई मासळी घेऊन निघाली होती. ती बाणांकडे वळलीच नाही. लांबून, आपल्या नेहमीच्या चालीने राईकडे जाऊ लागली.

"ओ बाई!" साहेब ओरडले. "वाट इकडे आहे!"

"ती भाऊंची वाट," ती म्हणाली. "वाट ही हाय."

साहेब तिच्यापर्यंत गेले. "कुठे? मला तर सगळा कातळच दिसतोय."

"उभ्यानं नाय दिसायची. बसा."

"काय?"

"उकिडवं बसा नि राईकडं बगा."

साहेबांनी इस्त्रीची पँट सावरली आणि बसले. सकाळचं ऊन तिरपं होतं. सगळा सडा काळा, वाळलेल्या शेवाळाने खडबडीत. आणि त्यातून हातभर रुंदीची एक तांबूस, गुळगुळीत पट्टी, खळगे टाळत, वळणं घेत, थेट राईपर्यंत गेलेली. साहेबांनी तिच्यावर तळवा फिरवला. रोजच्या वाटणाच्या पाट्यासारखा दगड गुळगुळीत होता. हे काम एका आठवड्याचं नाही, हे कोणी सांगायची गरज उरली नाही. साहेबांनी लिहिलेला कागद फाडला.

राजाभाऊही शेजारी बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोन वर्षं रोज येतोय मी इथे. मला नाही दिसली."

"अनवानी चाला, भाऊ. पायाला कळते," आनंदीबाई म्हणाली आणि पाटी सावरून निघून गेली. मासळी थांबत नाही.

हुकूम झाला: वापर चालू आहे तोवर वाट मोकळी ठेवावी. कुंपणाला चार हातांचं दार सुटलं. राजाभाऊंनी तीन दिवस तारेच्या ब्रशने आपले बाण घासून काढले. पुढे ते लोकांना घेऊन येऊ लागले. पुण्याचे, रत्नागिरीचे, लोटे गावच्या कारखान्यांतले सुट्टीवर आलेले कामगार. पाखाडी चढून आलेल्या प्रत्येकाला ते आधी उकिडवं बसवतात. पोट सुटलेली माणसं कुरकुरत बसतात आणि उठताना चपला हातात घेतात. त्या वेळी मला माझाच अभिमान वाटतो, खोटं का बोलू?

आता २००७ चाललंय. आनंदीबाईची लेक तुळसा टेम्पोतून, रस्त्याने मासळी नेते. चांगलं झालं. आनंदीबाईच्या गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकलेत. पण महिन्यातून एकदा ती अजून येते, पाटीशिवाय, दर पायरीवर थांबत, शिव्या देत. परवा निवेवाडीच्या बायकांनी विचारलं, "आज मासळी नाय, मग कशाला आलीस गो?"

"कागदात म्हंतात, वापर पायजे," ती म्हणाली. "म्हनून आले. पाय लावून जाते."

इतकी वर्षं मी तिला पोटासाठी पार नेलं. आता ती माझ्यासाठी चालते. तिचे गुडघे आणखी किती दिवस पुरतील, मला माहीत नाही. तुमचे धडधाकट असतील तर या.