लाल पट्टी फोनवर दिसत नाही

काही मागायचं असलं की दंडाला लाल पट्टी बांधून काम करायचं, ही आमच्या ट्युनिसमधल्या कामगारांची जुनी रीत. युनियनचे सेक्रेटरी लझहरकाका. त्यांची हयात रेल्वेत गेली. आमच्या कॉल सेंटरलाही ते पिशवीभर पट्ट्या घेऊन आले.

"अहो काका, आमची गिऱ्हाइकं पॅरिसमध्ये बसतात. फोनवर त्यांना दंड दिसतो होय?" मी म्हटलं. पोरी फिदीफिदी हसल्या.

"मग तूच सांग, शहाणे!"

सांगितलं. फोनवर आम्हाला फ्रेंच नावं लावावी लागतात. मी झाले नाताली, शेजारची वजदान झाली सिल्वी. आमची मागणी साधी होती, लघवीला जाताना कुणाची परवानगी लागू नये. त्यासाठी पट्टीऐवजी एक दिवस सगळ्यांनी फोनवर खरी नावं सांगायची.

काकांनी टेबलावर थाप मारली. "वा! युनियनला नवं रक्त हवंच होतं. बिनधास्त करा, मी पाठीशी आहे."

मंगळवारी पहिल्याच फोनला मी म्हटलं, "नमस्कार, ट्युनिसहून रौदा बोलतेय." पलीकडची म्हातारी उलट खूश झाली, आमच्याकडची हवा विचारायला लागली. मी हसत वजदानकडे पाहिलं.

"सिल्वी बोलतेय," ती म्हणाली आणि तिने मान खाली घातली. अख्ख्या रांगेत तेच चाललं होतं.

दुपारी मॅनेजरने मला आणि काकांना बोलावलं. "नाताली, हे करायला कुणी सांगितलं?"

मी काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "युनियनने फक्त पट्ट्या बांधायला सांगितलं होतं. बाकी हिचं हिलाच ठाऊक."

नोकरी गेली. वजदान जिन्यापर्यंत आली. "घरात मी एकटीच कमावती गं," म्हणाली. तिला काय बोलणार? पण काकांचं काय जाणार होतं? 'पाठीशी आहे' म्हणताना मेल्याची जीभ कशी झडली नाही!

तरी मे दिनाच्या सभेला मी गेले. हो, गेलेच. मंचावर काका गरजत होते, "युनियन बदलतेय, मंडळी! फोनवर खऱ्या नावाने बोलायचा लढा आम्ही उभारला! आपली ती वाघीण, नाताली, तिच्यासाठी टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वजदानही वाजवत होती.

मी उठून ओरडले, "रौदा! माझं नाव रौदा आहे, काका. त्या नावापायीच तर नोकरी गेली!"

काकांनी हसून माझ्या दिशेने हात हलवला आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं.