नावाचं कडवं

रॉक म्हणजे काय हे सिद्धोधन गुरुजींना कधी कळलं नाही, पण गाणं कळत होतं. चुडाव्याच्या त्यांच्या गायन पार्टीने आसपासच्या गावांतली एकही भीमजयंती सोडली नव्हती. पेटी त्यांची, आवाज त्यांचा आणि नियम एकच. गाणं लिहिणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, ते गाळायचं नाही. वेळ कमी असेल तर मधली कडवी खा, पण नावाचं कडवं गायचंच. माणूस जातो, नाव एप्रिल आला की पुन्हा गावोगाव घेतलं जातं, असं गुरुजी म्हणत.

त्यांच्या लेकीने, सुकेशनीने, पेटी सोडून रॉकसाठी गिटार धरली. पुण्यात भाड्याच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून ती रेकॉर्डिंग करायची, गाणी स्वतःच नेटवर टाकायची, कॅफेत गायची. कंपनी नाही की मॅनेजर नाही, सगळा एकखांबी तंबू. बरीच वर्षं असं पाणी उपसल्यावर एक गाणं तिला सुचलं, 'जायलास कुटं, सांगून जा'. गिटार पुण्याची, बोली चुडाव्याची. शेवटचं कडवं तिनं बापाच्या शिस्तीत बांधलं आणि त्याच दिवशी फोनवर त्यांना गाऊन दाखवलं:

सिद्धोधनाची सुकेशनी सांगे,
जायचं तर जा, पर सांगून जा.

ड्रम वाजवणारा दोस्त ऐकून हसला. "हे शेवटचं काढ गं. भजनी मंडळ वाटतंय," म्हणाला. सुकेशनीने काढलं. दोस्त नुसता निमित्त झाला. कॅफेतल्या पोरांसमोर बापाचं नाव घेऊन गायची तिला लाज वाटली होती, हे खरं.

सुट्टीत ती घरी आली तेव्हा गुरुजींनी तयार गाणं मोबाइलवर कान लावून ऐकलं. आवाज थांबला तरी मोबाइल कानालाच होता.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"हो, आप्पा. संपलं."

"चाल ब्येस हाय," म्हणाले आणि मोबाइल परत दिला. तिला वाटलं, गाणं पास झालं.

पुढं ते गाणं असं पसरलं की विचारू नका. रीलवर, हळदीत, ट्रॅक्टरच्या टेपवर, जिकडंतिकडं तेच. फक्त गाणारीला कुणी ओळखेना. खाली लिहिलेलं असायचं, 'पारंपरिक लोकगीत'. चाळिशीच्या आतच आपण पारंपरिक झालो, असं ती हसून सांगायची, पण आतून जळायची. तिच्याकडं त्या गाण्याशिवाय दाखवायला होतं तरी काय?

उन्हाळ्यात जिंतूरला चुलतबहीण रेणुकाचं लग्न होतं. मंगल परिणय उरकला, पंगती बसल्या आणि मंडपातल्या ऑर्केस्ट्राचा गायक भुजंग माईकवर म्हणाला, "आता आपल्या मराठवाड्याचं जुनं लोकगीत." सुरुवात झाली, जायलास कुटं. सुकेशनी ताटावरून उठली. गाणं संपायची वाट बघितली आणि तरातरा स्टेजवर गेली.

"हे लोकगीत नाही. माझं गाणं आहे."

भुजंग माणूस सालस. त्यानं तिला खालीवर न्याहाळलं नाही की टवाळी केली नाही. "तुमचं हाय? मंग नाव कुटं हाय, ताई?"

"नाव?"

"शेवटच्या कडव्यात. आमी जयंतीत गानारी मानसं. कुनाचं नाव कापायचं म्हंजे बेइमानी. पन ह्यात नावच न्हाई. मला वाटलं, ज्याचं कुनी न्हाई त्ये समद्यांचं."

ज्याला चोर म्हणायला आली होती तो साव निघाला. नाव तिनंच कापलं होतं.

"हाय का कडवं? म्हना की मंग," भुजंगनं माईक तिच्या हातात दिला आणि वाजवणाऱ्यांना खूण केली.

तिनं मुखडा उचलला. मंडपानं टाळ्यांचा ठेका धरला. कडवी झाली, शेवट आला आणि तिथं तिच्या तोंडातून शब्द फुटेना. नाव नसलेलं गाणं ती इतक्यांदा गायली होती की कडव्याची सुरुवातच आठवेना. वाजवणारे त्याच ओळीवर घुटमळत राहिले.

गुरुजी पंगतीत वरण वाढत होते. हातातल्या बादलीसकट ताठ झाले आणि माईकशिवाय, जयंतीच्या आवाजात, त्यांनी ओळ उचलली:

"चुडाव्याची ही सुकेशनी सांगे,
जायचं तर जा, पर सांगून जा."

बसली ओळ, अगदी मात्रेत बसली. भुजंगनं मान डोलावली. लोकांनी मागं वळून बघितलं. सुकेशनीला मात्र आत्ता उमगलं. इतके दिवस ती आपलं नाव गेलं म्हणून रडत होती. गेलं होतं ते बापाचं, आणि बापानं ते ऐकून, समजून, लेकीला नको तर नको म्हणून आपल्या हातानं पुन्हा एकदा गाळलं होतं.

"आप्पा, चुकलं," ती माईकमध्येच म्हणाली.

"बराबर हाय. म्हन तू."

"न्हाई. चुकलं." पुण्याची सगळी सफाई एका शब्दात उतरली. तिनं वाजवणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून धरायला लावलं आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं गायली, "सिद्धोधनाची सुकेशनी सांगे."

भुजंगनं ती ओळ पाठीमागून उचलली, नावासकट. पंगतीतल्या पाहुण्या धुरपताबाईंनी दोनदा वरण मागितलं. गुरुजी बादली धरून तसेच उभे होते.