धुतली म्हणून दिलेली टोपली

मित्रांनो, परसातल्या पालापाचोळ्याच्या ढिगावर पडलेली ती वेताची टोपली म्हणजे मी. जुनी आहे, पण मोडकी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ओला वेत वाकवून एका कारागिराने मला विणलं. या घरच्या ताईने मला बाजारातून घेतलं तेव्हा आत हात फिरवून दहादा खात्री केली होती, कुठे टोचत तर नाही ना! वाळलेले कपडे, कांदेबटाटे, लोकरीचे गुंडे, जे येईल ते मी पोटात घेतलं. शेजारणी माझं तोंडभरून कौतुक करायच्या आणि ताई उगाच भाव खायची.

मग ताईने कुत्र्याचं पिल्लू आणलं. ते माझ्यातच झोपायचं, माझा काठ कुरतडायचं. लस टोचायची वेळ आली तेव्हा ताई म्हणाली, "ते घराबाहेर जातंय कुठे? बघू पुढच्या महिन्यात." पुढचा महिना त्याने पाहिलाच नाही. उलट्या झाल्या, रक्ताचे जुलाब झाले आणि ते माझ्या कुशीतच गेलं. मला फार वाईट वाटलं.

ताईला मात्र लाज वाटली. तिने सगळ्यांना थाप मारली, "ओळखीच्यांकडे दिलं. मोठं अंगण आहे त्यांचं." मला नळाखाली धरलं, उन्हात ठेवलं, झालं.

काही दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीच्या कुत्रीला तीन पिल्लं झाली. ती दीड महिन्याची झाल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तुझी टोपली दे ना, पिल्लांना दवाखान्यात न्यायला."

"ने की. स्वच्छ धुतलीय."

मीही विश्वास ठेवला. दवाखान्यात डॉक्टरांनी पिल्लांना पहिली लस टोचली आणि सांगितलं, "एवढ्याने भागत नाही, पुढच्याही वेळेवर द्या. तोवर आजारी कुत्र्याची कुठलीच वस्तू यांच्याजवळ नको. हा रोग साध्या पाण्याने जात नाही, महिनोन्‌महिने दबा धरून बसतो."

"छे हो, तसलं काही नाही आमच्याकडे," धाकटी हसून म्हणाली. पिल्लं माझ्यातच बसली होती! ताईने केसाने गळा कापला होता, धाकटीचाही आणि माझाही. पुढे घरीही पिल्लं माझ्यातच झोपत राहिली.

आठवडाभरात सगळ्यात दांडगं पिल्लू गेलं, अगदी ताईच्या पिल्लासारखंच. ताई भेटायला आली. आता तरी बोलेल, असं मला वाटलं. तिने खापर लसीवर फोडलं. "त्या इंजेक्शननेच झालं असेल गं."

"मग उरलेल्या दोघांना टोचणारच नाही मी," धाकटी डोळे पुसत म्हणाली.

ताई मूग गिळून बसली. जाताना मला मात्र उचलून घेऊन आली.

आज तिने माझ्यावर रॉकेल ओतलं, तेवढ्यात धाकटी आली.

"अगं, चांगली टोपली जाळतेस कशाला?"

ताईच्या हातातली काडी विझली. धाकटी आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिली.

"ताई, तुझं पिल्लू नक्की कुठे दिलंस?"

"नाही दिलं गं. गेलं ते. ह्याच टोपलीत."

धाकटी ओरडली नाही. "आणि मी दोघांची लस बंद करायला निघाले होते," एवढंच म्हणाली आणि पिल्लांना डॉक्टरांकडे न्यायला धावत सुटली.

ताई आता दुसरी काडी काढते आहे. मला जाळणं योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या पिल्लांना सगळ्या लसी वेळच्या वेळी टोचून घ्या. घरात असा रोग होऊन गेला असेल, तर लपवू नका, सांगून टाका. मला बोलता येत नव्हतं. ताईला येत होतं.